पाण्याच्या मागाने पुणे : गटासाठी वेगळी पायी फेरी आखत आहे, सूचना हव्यात

पेठकर

नमस्कार. येत्या डिसेंबरात आमच्या वर्गाला दहावी होऊन चाळीस वर्षे होत आहेत. त्यानिमित्त देशोदेशी विखुरलेले सत्तावीस जण दोन दिवस पुण्यात एकत्र येणार आहेत आणि त्यांतल्या एका सकाळी सर्वांना जुन्या शहरात फिरवण्याची जबाबदारी, मी अजून पेठेत राहतो एवढ्याच गुणवत्तेवर, माझ्या गळ्यात पडली आहे.

मागच्या भेटीच्या वेळी आम्ही एका सहल कंपनीची बस ठरवली होती. चार तासांत अकरा ठिकाणे उरकली. शनिवारवाड्यात वीस मिनिटे मिळाली, त्यांतली निम्मी सामूहिक छायाचित्रात गेली. लाल महालात आमच्यापैकी एकीने विचारले, "या भिंती शिवरायांच्या काळच्याच का?" त्यावर बसबरोबरच्या वाटाड्या गृहस्थांनी ध्वनिक्षेपकातून ठणकावून "होय" असे उत्तर दिले. आजची वास्तू महापालिकेने १९८०च्या दशकात नव्याने उभारलेली आहे, हे मी हळूच सांगायला गेलो तर माझ्यावरच नाराजी ओढवली. शायिस्ताखानावरचा १६६३चा छापा जिथे पडला ती ही जागा, भिंती मात्र आपल्या पिढीच्या, एवढे सांगितले असते तर त्या जागेचे मोल काही कमी झाले नसते.

म्हणून या वेळी ठिकाणांची यादी हाती न घेता एकच धागा धरून चालावे असे मनात आहे, आणि तो धागा पाण्याचा आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास कात्रजला तळे बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने थेट शहरात आणले, वाटेत पेठोपेठी हौद बांधले आणि उरलेले पाणी शनिवारवाड्यापर्यंत पोहोचवले. माझा आराखडा असा आहे : सारसबागेत तळ्यातल्या गणपतीपाशी जमायचे, तिथून सदाशिव पेठेतून हौदांच्या खुणा शोधत विश्रामबागवाड्याकडे यायचे आणि शनिवारवाड्यातल्या हजारी कारंज्यापाशी शेवट करायचा. अडीच-तीन तासांत हे बसेल असे वाटते. माहीतगारांनी चुका दाखवाव्यात. गटातल्या निम्म्या लोकांचे गुडघे कुरकुरतात, हेही ध्यानात घ्यावे.

उच्छ्वास

कल्पना आवडली. मी पाणीपुरवठ्याच्या कामात तीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे राहवत नाही.

हा नळ म्हणजे आज आपण म्हणतो तसा लोखंडी नळ नव्हे, हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर लोक शेवटपर्यंत तोटी शोधत बसतात. तो दगडाविटांचा, चुन्यात बांधलेला बंदिस्त पाट आहे आणि बऱ्याच भागात माणूस आत उतरून फिरू शकेल एवढा मोठा आहे. कात्रजचे तळे शहरापेक्षा बरेच उंचावर असल्यामुळे ८ ते १० किलोमीटरच्या या साऱ्या वाटेवर पाणी निव्वळ उताराने वाहत येते, कुठेही उपसावे लागत नाही. मात्र बंदिस्त पाटात हवा कोंडली की प्रवाह अडतो आणि गाळ साचला की तो उपसायला माणूस आत उतरवावा लागतो, म्हणून ठरावीक अंतरावर जमिनीच्या वर धुराड्यासारखे दगडी मनोरे काढलेले असतात. त्यांनाच उच्छ्वास म्हणतात. माझे इथले नाव तिथूनच उचललेले आहे, दमा वगैरे काही नाही.

दक्षिण भागात असे काही उच्छ्वास अजून उभे आहेत. एखादा दुचाकींच्या गराड्यात असतो, एखाद्यावर जाहिरातीचा फलक लटकलेला असतो. माझ्या मते आपल्या फेरीची सुरुवात अशाच एखाद्या उच्छ्वासापाशी करावी. हौद पाहून पाणी कळत नाही, ते साठवण तेवढी दाखवतात. पायांखाली काहीतरी वाहते आहे ही जाणीव उच्छ्वासापाशीच होते. पुढे नाना फडणवीस आणि रास्ते यांनीही आपापले स्वतंत्र नळ शहरात आणले, त्यामुळे प्रत्येक हौद कात्रजच्याच पाण्याचा होता असे सरसकट विधान करू नये.

सारसबागेबद्दल एक भर घालतो. ते तळे आंबिल ओढ्याचे पाणी अडवून केलेले होते आणि मधल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात गणपतीची स्थापना झाली. म्हणजे ज्या हिरवळीवर आपण भेळ खातो तो तळ्याचा तळ आहे. मात्र ओढ्यांनी आपली वाट सोडलेली नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री याच आंबिल ओढ्याने काठच्या वस्त्यांत जो हाहाकार माजवला, तो तिथे उभे राहून अवश्य सांगावा.

गंजपेठी

पेठकर, आराखडा नीटनेटका आहे, पण माझी हरकत मुळातच आहे, ती मांडतो.

आपली वाट तळ्यापाशी सुरू होते आणि कारंज्यापाशी संपते. म्हणजे पाणी निघाले कुठून आणि पेशव्यांकडे पोहोचले कसे, एवढेच ती सांगते. ते पाणी कोणाला भरता येत होते आणि कोणाला नव्हते, हा प्रश्न तिच्यात कुठेच येत नाही. सार्वजनिक म्हणवल्या जाणाऱ्या हौदांवर अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना पाणी भरण्याची मुभा नव्हती. याच शहरात, गंज पेठेत, जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला १९२७ मध्ये, त्याच्या जवळजवळ साठ वर्षे आधी. पाण्याच्या मागाने पुणे पाहायचे आणि फुलेवाड्यातल्या हौदापाशी जायचे नाही, हे मला पटत नाही. हजारी कारंजे पाहिल्यावर लोक "वा" म्हणतात आणि पुढे जातात. फुलेवाड्याच्या अंगणात मात्र मी अनेक गटांना गप्प झालेले पाहिले आहे. जोतीरावांची समाधीही तिथेच आहे.

तिथून जवळच, गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनचे ख्रिस्ती देवालय आहे. नावातच हौद आहेत. ऑक्टोबर १८९० मध्ये इथल्या मिशनऱ्यांनी शहरातल्या नामवंतांना बोलावले आणि चहा पुढे केला. टिळक होते, रानडे होते. कोणी प्यायले, कोणी पेल्याला नुसता हात लावला असे सांगतात. गोपाळराव जोशी यांनी सगळ्यांची नावे वर्तमानपत्रात फोडली आणि एवढ्याशा चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभे राहिले. ते शंकराचार्यांपर्यंत गेले आणि १८९२ मध्ये प्रायश्चित्तांवर येऊन टेकले. त्याच १८९०च्या २८ नोव्हेंबरला, चहाच्या गोंधळानंतर दीड-दोन महिन्यांनी, हाकेच्या अंतरावरच्या गंज पेठेत जोतीराव वारले. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे नाही, याचा निकाल ज्या शहरात असा लागत होता, ते शहर दाखवायचे असेल तर ही दोन ठिकाणे टाळता येणार नाहीत.

पेठकर

गंजपेठी, आपली हरकत मान्य आहे आणि थोडी बोचलीही आहे. मी सदाशिव पेठेत वाढलो, त्यामुळे माझ्या डोक्यातला नकाशा मंडईच्या पूर्वेला आपोआप पुसट होत जातो. मात्र आता अडचण अंतराची आहे. सारसबाग, गंज पेठ, गुरुवार पेठ, शनिवारवाडा आणि परत कसबा हे सगळे एका सकाळी सत्तावीस पंचावन्नवर्षीयांना चालवणे म्हणजे वारीच होईल. काय गाळावे?

आडवाट

मी गेली काही वर्षे हौस म्हणून आणि अलीकडे थोडे मानधन घेऊन असे गट फिरवतो. काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

सत्तावीस जणांचा एक गट करू नये. पेठेतल्या गल्लीत पंधरापेक्षा जास्त माणसे थांबली की रस्ता अडतो, मागच्यांना ऐकू येत नाही, मग पुढचा ओरडू लागतो आणि वरच्या गॅलरीतून कोणीतरी रास्त शब्दांत विचारणा करते. दोन गट करावेत, त्यांच्यात वीस मिनिटांचे अंतर ठेवावे, आणि प्रत्येक गटात पुढे एक बोलणारा आणि मागे एक शेपूट सांभाळणारा असावा. शेपटाचे काम अवघड असते. मध्येच साडीच्या दुकानात शिरलेल्यांना त्यालाच बाहेर काढावे लागते. गळ्यात अडकवायचे ध्वनिवर्धक टाळावेत. त्यांनी बोलणाऱ्याचा घसा वाचतो, पण गल्लीतली झोप मोडते.

वार रविवार आणि वेळ सकाळी सातची धरावी. दहानंतर लक्ष्मी रस्त्यावर इतिहास दिसत नाही, फक्त वाहने दिसतात. शनिवारवाड्याचे दार किती वाजता उघडते ते आदल्या दिवशी पाहून घ्यावे आणि त्यावरून क्रम उलटसुलट करावा. स्वच्छतागृहे कुठे आहेत हे स्वतः जाऊन पाहून यावे. या एका गोष्टीवर फेरी बिघडते, हे माझे अनुभवाचे बोल आहेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाड्यांच्या अंगणात शिरण्याआधी तिथे राहणाऱ्यांची परवानगी घ्यावी, तीही चार दिवस आधी. आपल्याला तो वारसा वाटतो, पण त्यांच्यासाठी ते कपडे वाळत घालण्याचे ठिकाण असते. मी सुरुवातीला एका वाड्यात असाच पंधरा जण घेऊन शिरलो होतो. चौकातल्या आडाचे काठ दाखवत होतो, दोराने घासून दगडात बोटभर खोल खाचा पडल्या होत्या, आणि मी प्रत्येकाला त्या खाचेत बोट घालून पाहायला सांगत होतो. तेवढ्यात आतून एक आजी आल्या आणि म्हणाल्या, "त्यातली ही खाच माझी आहे." लग्न होऊन आल्यापासून नळ येईपर्यंत त्यांनी तिथेच पाणी शेंदले होते. त्यानंतरचा अर्धा तास त्याच बोलल्या आणि मी गप्प उभा राहिलो. पुढच्या खेपेपासून मी आधी त्यांना विचारून जाऊ लागलो आणि त्या तयार होऊन बसू लागल्या.

गाळण्याबद्दल विचाराल तर कारंजे गाळा. सोळा पाकळ्यांचे कमळ सुंदर आहे यात शंका नाही, पण पाहणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा कोरडे कुंडच येते.

दूरदेशी

पेठकर, मी गेली बारा वर्षे एडिंबरोत राहतो, म्हणून थोडे तिकडचे सांगतो. तिथे नगरभवनाच्या पोटात मेरी किंग्ज क्लोज नावाची एक जुनी गल्ली आहे. १७५३ मध्ये वर व्यापाऱ्यांसाठी मोठी इमारत बांधायला घेतली तेव्हा गल्लीतल्या उंच घरांचे वरचे मजले उतरवले आणि खालचे मजले पायासारखे वापरले, त्यामुळे गल्लीचा काही भाग इमारतीखाली तसाच राहिला. आज छोट्या छोट्या गटांना जुन्या वेशातले वाटाडे तिथे खाली नेतात. लोक तिकीट काढतात ते भुतांच्या गोष्टींसाठी, पण बाहेर पडतात तेव्हा वरच्या मजल्यांवरून सांडपाणी गल्लीत कसे फेकत आणि प्लेगात त्याचे काय झाले, हे ऐकून आलेले असतात.

माझा प्रश्न असा आहे की शनिवारवाड्याभोवती आपणही रात्रीची अशी एखादी फेरी का करू नये? 'काका, मला वाचवा' ही आरोळी ऐकू येते ही समजूत तर प्रत्येकाला ठाऊक आहे. रात्री लोक आपणहून येतील.

गंजपेठी

लोक येतील, पण ऐकतील काय? नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. त्यामागे गारद्यांचा, म्हणजे वाड्यावरच्या भाडोत्री शिपायांचा, थकलेला पगार, घरातली सत्तेची भांडणे, राघोबादादांची भूमिका आणि पुढे रामशास्त्र्यांनी घेतलेली ठाम बाजू असे सगळे आहे. तेवढे सोडून एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या मरणाची आरोळी बाहेरच्या कठड्यावर बसून 'ऐकू आली का?' असे विचारत बसणे मला तरी रुचत नाही.

आडवाट

मी मधली वाट धरतो. 'ध'चा 'मा' झाल्याची गोष्ट मी सांगतो, कारण न सांगितल्यास गटातले कोणीतरी ती सांगतेच. मात्र सांगताना 'ही गोष्ट आहे' असे म्हणतो आणि खुनाची हकिकत सांगताना 'हे घडले आहे' असे म्हणतो. आवाजातला हा फरक माणसांना बरोबर कळतो. रात्रीच्या फेरीला माझा विरोध नाही, मात्र पेशवाईतल्या रात्रीचे पहारे आणि दिवाबत्ती यांवर बोलण्यासारखे पुष्कळ असताना भुताचीच गरज का पडावी?

रास्तापेठेतली

धागा पाण्याचाच आहे, तर १२ जुलै १९६१ कसा कोणाच्या लक्षात आला नाही? पानशेत त्या सकाळी फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्याखाली होत्या. नारायण, शनिवार, कसबा इथल्या काही जुन्या इमारतींवर त्या दिवशीच्या पाण्याची रेघ अजून दाखवतात. नुसती रेघ दाखवून भागत नाही. तिच्याखाली माणसाला उभे करावे. आमच्या घरी आलेल्या दिल्लीच्या पाहुण्यांना मी तसे उभे केले, तेव्हा रेघ त्यांच्या डोक्यावर हातभर होती, आणि मग नदी तिथून किती लांब आहे हे पाहायला ते आपणहून वळले.

त्याहून आपल्या विषयाच्या जवळचे सांगते. धरणे गेली म्हणजे नळाचे पाणीही गेले. माझी आई तेव्हा चौदा वर्षांची होती. ती सांगायची की सगळे शहर पाण्यात बुडाले आणि दुसऱ्या दिवसापासून प्यायला घोटभर पाणी नाही. तेव्हा ज्या विहिरी आणि हौद लोकांनी 'आता नळ आले' म्हणून टाकून दिले होते, तिथे पुन्हा रांगा लागल्या. आईचे वाक्य होते, "पेशव्यांनी पाजलं बाई आम्हाला त्या आठवड्यात." आता यात कात्रजचे पाणी किती आणि विहिरींचे किती, हे उच्छ्वास यांनी सांगावे, पण रांगेतली कळशी तिच्या डोक्यावर होती एवढे नक्की.

उच्छ्वास

कोणते पाणी किती, याचा हिशेब त्या आठवड्यात कोणी ठेवला असेल असे वाटत नाही. आईंच्या आठवणीत तांत्रिक अडचण मात्र काहीच नाही. कात्रजचा नळ मुठेवर अवलंबून नव्हताच. पंप नाही, वीज नाही, खडकवासल्याशी संबंध नाही. हे वाक्य आपल्या फेरीत अवश्य घ्यावे, पेठकर.

स्पर्श

मी अंध मुलांच्या शाळेत शिकवते. धागा वाचून दोन दिवस विचार करत होते, आता लिहिते.

आम्ही दर वर्षी आठवी-नववीच्या मुलांना जुन्या पुण्यात नेतो. पहिल्या वर्षी आम्हीही नेहमीप्रमाणे वाटाड्या घेतला आणि तो 'उजवीकडे पाहा, वर पाहा' असे म्हणत राहिला. मुले सौजन्याने उजवीकडे तोंड करत होती. तेव्हापासून फेरी आम्हीच आखतो. ती डोळसांनाही उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे, म्हणून सांगते.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला मोठमोठे लोखंडी सुळे आहेत, हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून. एका मुलाला मी म्हटले, हात लावून पाहा. त्याने दाराची फळी चाचपली, खिळ्यांची डोकी चाचपली, मग टाचा उंचावून हात वर नेला आणि म्हणाला, "बाई, सुळे लागतच नाहीत." मी काही सांगण्याआधीच तो थांबला, हात तसाच वर ठेवून म्हणाला, "म्हणजे हत्तीचं कपाळ याच्याही वर." मी पस्तीस वर्षे ते दार पाहते आहे, पण हत्ती किती उंच असतो हे मला त्या दिवशी कळले. नंतर आम्ही मोठ्या दारातल्या दिंडीतून, म्हणजे छोट्या दारातून, सगळ्यांना दोनतीनदा आतबाहेर जायला लावले. पाय उचलून आणि मान वाकवून शिरावे लागते, त्या अवस्थेत कोणीही तलवार चालवू शकत नाही, हे त्यांनी आपापल्या मानेवरून ओळखले.

आमचा शेवटचा मुक्काम नेहमी कसब्यातली तांबट आळी असतो. शेजारच्या रस्त्यावरून वळलो की ठोक्यांचा आवाज सुरू होतो आणि मग वाट मी दाखवत नाही, मुले दाखवतात. पत्र्यावर एकसारखे ठोके देत भांड्याला बारीक खळ्यांची नक्षी आणतात, त्याला मठारकाम म्हणतात. एका कारागिराने मुलांच्या हातात मठारलेला आणि न मठारलेला असे दोन हंडे दिले. न मठारलेला हंडा दाबल्यावर किंचित वाकतो आणि मठारलेला वाकत नाही, म्हणजे नक्षी केवळ शोभेची नाही, ठोक्यांनी तांबे कठीण होते, हे मुलांनी अंगठ्याने शोधून काढले. आपल्या पाण्याच्या फेरीला याहून योग्य शेवट कोणता? पाणी नळातून हौदात आले, हौदातून भांड्यात, आणि भांडे इथे घडले.

पेठकर

स्पर्श यांचा प्रतिसाद रात्री पुन्हा एकदा मोठ्याने घरात वाचून दाखवला. शेवट ठरला. कारंजे गाळले.

सगळ्यांच्या सूचना जमेस धरून नवा आराखडा असा झाला आहे. पहिला टप्पा रिक्षांनी करायचा. दक्षिणेकडे एक उच्छ्वास पाहून सारसबाग, तिथून फुलेवाडा आणि पंचहौद. पंचहौदजवळच्या अमृततुल्यात चहा घ्यायचा, आणि तो घेताना १८९०ची हकिकत सांगायची. त्यानंतर पायी मंडईवरून दिल्ली दरवाजापर्यंत यायचे. मंडईत एवढेच सांगायचे की नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाला द्यावा असे त्यांचे म्हणणे होते, १८८६ मध्ये ती उघडली आणि पुढे नाव मात्र त्यांचेच मिळाले. दिल्ली दरवाजाला हात लावून फडके हौद, साततोटी आणि तांबट आळी. फडके हौदात हौद नाही, साततोटीला सात तोट्या नाहीत, पण नावे चालू आहेत, आणि बसचा वाहक ती रोज पुकारतो. काळा हौद आणि बदामी हौद यांची नावे घेऊनच पुढे जायचे, तेवढ्या फेऱ्यासाठी गुडघे परवानगी देणार नाहीत.

पेठकर

जानेवारी उजाडला. वृत्तांत देण्याचे कबूल केले होते, ते पाळतो.

दोन गट केले होते. आडवाट यांनी मानधन नाकारून दुसऱ्या गटाचे शेपूट सांभाळले, त्यांचे आभार. उच्छ्वासापाशी पहिला गोंधळ झाला. ज्या मनोऱ्याची मी आठवडाभर आधी पाहणी करून ठेवली होती, त्याला त्या सकाळी कोणाच्या तरी लग्नाच्या मांडवाची दोरी बांधलेली होती आणि आम्ही नवऱ्या मुलाकडचे आहोत असे समजून एका काकांनी आम्हाला नाश्त्याला बसण्याचा आग्रह केला. आमच्यातले दोघे बसलेही. पंधरा मिनिटे तिथेच गेली. मग त्या काकांनीच विचारले की हे खांब कशाचे आहेत, आणि आमच्या वर्गातली एक अभियंता मैत्रीण मांडवात उभी राहून सांगू लागली. दहा-बारा वऱ्हाडी ऐकत होते. आयुष्यभर त्याच गल्लीत राहिलेल्या काकांना ते मनोरे देवाचे दीपस्तंभ वाटत होते.

फुलेवाड्यात गंजपेठी म्हणाले होते तसेच झाले. आमच्या वर्गातला एकजण, ज्याच्याशी मी दहा वर्षे एका बाकावर बसलो, तो हौदापाशी म्हणाला की त्याचे आजोबा गावातल्या विहिरीवर खाली हात धरून उभे राहत आणि वरून कोणीतरी पाणी ओतेपर्यंत वाट पाहत. शाळेत असताना त्याने हे कधी सांगितले नव्हते आणि आम्ही कधी विचारले नव्हते. तिथे ठरल्यापेक्षा पाऊण तास जास्त थांबलो. त्यामुळे पंचहौदचा चहा थंड झाला आणि टिळक-रानड्यांची हकिकत मला घाईत उरकावी लागली, ही उणीव राहिली.

दिल्ली दरवाजापाशी सगळ्यांना डोळे मिटून हात वर करायला लावले. हात केलेल्यांत सहा फुटांचा आमचा कप्तानही होता. सुळे त्यालाही लागले नाहीत. बाहेरच्या कठड्यावर बसलेल्या मुलांनी आमचे चित्रीकरण केले.

एकूण साडेचार तास लागले. पुन्हा कोणाला करायची असेल तर पहिला टप्पा आदल्या संध्याकाळी करावा आणि पायी भाग तेवढा सकाळी ठेवावा, असे सुचवतो. पूररेषेची स्वतंत्र फेरी व्हावी अशी चौघांची मागणी आहे. रास्तापेठेतली यांनी मनावर घ्यावे.

तांबट आळीत एक आगंतुक खरेदी झाली. न्यू जर्सीहून आलेल्या मित्राने आजीच्या आठवणीने तांब्याचा मोठा बंब घेतला, तो विमानात नेता येत नाही हे त्याला संध्याकाळी आठवले, आणि आता तो बंब माझ्या गॅलरीत आहे. मालक दोन वर्षांनी येणार आहेत. तोपर्यंत त्याला कल्हई करून ठेवावी का?

रास्तापेठेतली

बंबाला कल्हई लागत नाही, ती स्वयंपाकाच्या भांड्यांना. चिंच-मीठ लावून घासा, आत पाणी साठवून ठेवू नका आणि नळीत राख राहिली असेल तर ती झाडून टाका. पूररेषेच्या फेरीसाठी जुलैतला एखादा रविवार चालेल का, ते कळवावे.